कोकणात जागा बघताय? मे महिन्यात या, आणि आधी वरचा डोंगर बघा

गावाला जाऊन आपलं भात, आपली विहीर असं राहायचा विचार करणारे खूप जण भेटतात, त्यांना अगदी कळकळीने सांगतो, पावसाळ्यात जागा पसंत करू नका. जुलैत सगळीकडे पाणीच पाणी आणि मेमध्ये त्याच वाडीत टँकरसाठी हंड्यांची रांग. वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडून ही अवस्था, कारण इथला तांबडा जांभा दगड भोकाभोकांचा, पाणी त्यातून झिरपून जातं, उरलेलं पऱ्यांनी, म्हणजे ओढ्यांनी, थेट खाडीला. मग उपाय काय? 50 चौरस मीटरच्या छपरावर एवढा पाऊस म्हणजे दीड लाख लिटर पाणी, आणि चार माणसांना माणशी 55 लिटरने चार महिने लागतं साधारण 26 हजार, म्हणजे छपरावरचं पाचवा हिस्सा साठवलं तरी उन्हाळा निघतो! टाकी बांधायला जागा आहे का तेवढं बघा.

आता डोंगर. जांभ्याखाली बऱ्याच ठिकाणी शेडी असते, चिकणमातीसारखी मऊ, पाणी तिथे येऊन अडतं आणि थर भिजून निसरडा झाला की वरचं सगळं सरकतं. सह्याद्रीच्या कड्याखाली कातळावर माती-मुरूम बसलेला असतो, तिथेही तेच. 22 जुलै 2021 ला महाडजवळ तळियेत 80 हून जास्त माणसं गेली. 2023 ला दरडीखाली गेलेली इर्शाळवाडी तर दरडप्रवण गावांच्या यादीतच नव्हती, म्हणून नुसत्या यादीवर विसंबू नका, स्वतः वर चढून जा. सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळावर, नवीन लांब भेग, कललेली झाडं, विजेचे वाकलेले खांब, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ होणं किंवा भलतीकडेच फुटणं, यातलं काही दिसलं तर ती जागा सोडा, कितीही स्वस्त मिळू दे. सपाटीला नदीकाठी घेणार असाल तर शेजारच्या घरात पुराची खूण कुठवर आहे ते विचारा, चिपळूणला त्याच 22 जुलैला पाऊस आणि भरती एकत्र आली होती.

वाऱ्याचंही आहेच. 3 जून 2020 ला निसर्ग वादळात श्रीवर्धन-मुरुडकडच्या नारळी-पोफळी आडव्या झाल्या आणि नवीन माड धरायला सहा-सात वर्षं जातात, म्हणजे सगळी मदार बागेवर ठेवणं धोक्याचं.

खाण्यापुरतं मात्र पिकतं. गुंठ्याला साधारण 25-30 किलो भात, म्हणजे 20 गुंठ्यात घराचं वर्षाचं तांदूळ येतं, भात कापल्यावर त्याच ओलीवर कुळीथ-पावटा, वरकस, म्हणजे हलक्या जमिनीच्या, उतारावर नाचणी. तेल, मीठ, औषधं विकतच आणायची. आणि रानडुकरं-वानरं हाताशी आलेलं पीक एका रात्रीत, एका दुपारीत संपवतात, राखण करणारी पिढी मुंबईला गेलीय, त्यामुळे कुंपणाचा खर्च जमिनीच्या किमतीबरोबरच धरा.