धनको, पण बैठकीबाहेरचा

हडपसरच्या सुझलॉन या पवनचक्क्या बनवणाऱ्या कंपनीला ऑक्टोबर २०१२ मध्ये परदेशी परिवर्तनीय रोख्यांचे (परदेशात विकलेल्या, शेअरमध्ये बदलता येणाऱ्या कर्जरोख्यांचे) सुमारे २० कोटी ९० लाख डॉलर फेडता आले नाहीत. कंपनीने चार महिन्यांची मुदत मागितली, रोखेधारकांनी ती नाकारली. बँकांनी मात्र जानेवारी २०१३ मध्येच सुमारे ९,५०० कोटी रुपयांच्या कर्जाची पुनर्रचना मंजूर केली. रोख्यांचा तोडगा निघायला २०१४ उजाडलं, आणि जुलै २०१९ मध्ये पुन्हा १७ कोटी २० लाख डॉलर थकले. पुण्यात सुझलॉनची चर्चा शेअरच्या भावापुरतीच होते. रोखेधारकाचं काय झालं, हे सहसा कुणी विचारत नाही.

ते रोखे म्हणजे देशातले डिबेंचर, म्हणजे कंपनीने इथल्या गुंतवणूकदारांना विकलेले कर्जरोखे, नव्हेत, पण अडचण तीच. २००१ मध्ये सुरू झालेली कॉर्पोरेट कर्ज पुनर्रचनेची यंत्रणा बँका आणि वित्तसंस्थांनी आपसात केलेल्या करारावर उभी होती. व्याज किती कमी करायचं, हप्ते कधीपर्यंत थांबवायचे, हे त्यांनीच ठरवायचं. डिबेंचरधारक विखुरलेले; त्यांच्या वतीने ट्रस्टी, आणि ट्रस्टी बैठकीबाहेर. बँकेच्या ठेवीपेक्षा दोन टक्के जास्त मिळतात म्हणून ‘सिक्युअर्ड’, म्हणजे तारण असलेले, डिबेंचर घेणाऱ्या सदाशिव पेठेतल्या पेन्शनरला हे कोण सांगणार?

वीज कंपन्यांचं तारणही फसवं असतं. प्रकल्प आधी उभा राहतो, इंधन आणि गिऱ्हाईक नंतर. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २१८पैकी २१४ कोळसा खाणपट्टे रद्द केले, तेव्हा हे उघडं पडलं. कोळशाविना बंद पडलेलं वीजकेंद्र गहाण असलं, तरी ते विकत घेणार कोण?

२०१६च्या दिवाळखोरी संहितेने डिबेंचरधारकाला वित्तीय धनको, म्हणजे बँकेसारखाच कर्ज देणारा, मानलं, मतही दिलं. आता कंपनी सावरण्याचा आराखडा ६६ टक्के मतांनी मंजूर होतो. विरोधात मत देणाऱ्याला कंपनी मोडीत निघाली तर हाती आलं असतं, किमान तेवढं मिळतं. ते कधीकधी फारच थोडं असतं.

संहितेबाहेरच्या पुनर्रचनेसाठी रिझर्व्ह बँकेने जून २०१९ मध्ये धनकोंच्या आपसातल्या कराराची चौकट घालून दिली. त्याच ऑगस्टात डिबेंचरच्या परतफेडीसाठी फेडायच्या रकमेच्या २५ टक्के राखीव निधी नफ्यातून काढून ठेवण्याच्या अटीतून सूचिबद्ध कंपन्यांना सूट मिळाली. ट्रस्टीने त्या करारात कसं शिरायचं, हे सेबीने ठरवलं ते ऑक्टोबर २०२० मध्ये: मूल्याने ७५ आणि संख्येने ६० टक्के धारकांची संमती हवी, प्रत्येक रोखेमालिकेची मोजणी वेगळी.