हातापायांची अरक्तता व रक्तवाहिन्यांची दुरुस्ती

धमन्या अरुंद झाल्यामुळे किंवा बंद पडल्यामुळे हातापायांच्या ऊतकांना गरजेपेक्षा कमी रक्त मिळणे, या अवस्थेला स्थानिक अरक्तता म्हणतात. ती पायांत अधिक आढळते. धमनीकाठिण्य, म्हणजे धमनीच्या भित्तीत मेद साचून ती जाड व कठीण होणे, हे तिचे नेहमीचे कारण. धूम्रपान व मधुमेहाने ते बळावते. घोट्यावरील व दंडावरील रक्तदाबाचे गुणोत्तर ०.९० किंवा त्याहून कमी असणे हे निदानाचे रूढ प्रमाण आहे. चालताना पोटरी दुखणे, न भरणारे व्रण, कोथ (ऊतक मरून सडणे) ही लक्षणे परिचित आहेत.

या अवस्थेत रक्तवाहिन्यांची पुनर्रचना दोन प्रकारे होते. पहिला प्रकार अवरोधाच्या खालच्या, प्राणवायू कमी पडलेल्या स्नायूंत घडतो. एचआयएफ-१ या प्रथिनाचा एक घटक एरवी पेशीत तयार होताच नष्ट केला जातो. प्राणवायू घटला की तो टिकतो आणि व्हीईजीएफ या वृद्धिघटकाची निर्मिती वाढते. त्यामुळे नव्या केशवाहिन्या फुटतात. दुसऱ्या प्रकारात आधीच असलेल्या बारीक जोडवाहिन्या रुंदावतात. अवरोधाच्या वर दाब अधिक व खाली कमी असल्याने रक्त त्यांतून वेगाने वाहते, भित्तीवर घर्षणताण वाढतो, तेथे एककेंद्रक श्वेतपेशी जमतात आणि भित्ती नव्याने घडते. जर्मनीतील बाड नाउहाइम येथे व्होल्फगांग शापर व त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रक्रियेचा दीर्घ अभ्यास केला. अशा वाहिन्या पुष्कळदा मांडीत, म्हणजे प्राणवायूची टंचाई नसलेल्या भागात वाढतात. त्यामुळे टंचाई हे त्यांच्या वाढीचे मुख्य कारण मानता येत नाही. सुरळीत प्रवाहात त्रिज्या दुप्पट झाली की त्याच दाबाला प्रवाह सोळापट होतो. हे पाहता पाय वाचवण्यात केशवाहिन्यांपेक्षा जोडवाहिन्यांचा वाटा मोठा, हे मत अधिक ग्राह्य वाटते. इंग्लंडमधील शल्यचिकित्सक जॉन हंटर यांनी १७८५ मध्ये गुडघ्यामागील धमनीविस्फारावर (धमनीला आलेल्या फुगवट्यावर) उपाय म्हणून मांडीतील धमनी बांधली, तरी पाय जगला, तो जोडवाहिन्यांमुळेच. (हरणाच्या शिंगावरील प्रयोगातून त्यांना ही शस्त्रक्रिया सुचली, ही कथा मात्र जपूनच स्वीकारावी.)

दुरुस्तीच्या पेशी येतात कोठून, हा वादाचा विषय आहे. प्रौढ शरीरात शेजारच्या वाहिन्यांच्या अंतःस्तरातूनच, म्हणजे आतील पेशींच्या अस्तरातूनच, नव्या वाहिन्या फुटतात, असे पूर्वी सर्वसाधारणपणे मानत. १९९७ मध्ये ताकायुकी असाहारा, जेफ्री आयस्नर व सहकाऱ्यांनी मानवी रक्तातून वेगळ्या केलेल्या काही पेशी प्राण्यांच्या अरक्त पायातील नव्या वाहिन्यांत सामील झाल्याचे दाखवले; अरक्ततेमुळेच अशा पेशी अस्थिमज्जेतून बाहेर पडतात, असे १९९९ मध्ये मांडले गेले. पुढे काटेकोर सूक्ष्मदर्शी तपासणीत काही गटांना अस्थिमज्जेतील पेशी वाहिनीच्या भित्तीत नव्हे, तर तिच्या लगत आढळल्या. प्रयोगशाळेतील संवर्धनात ‘पूर्वज’ (अंतःस्तराच्या पेशी घडवणाऱ्या) म्हणून मोजलेल्या अनेक पेशी एककेंद्रक श्वेतपेशींच्या कुळातील निघाल्या. त्या वाहिनीचा भाग होत नाहीत, वृद्धिघटक स्रवून तिच्या वाढीला मदत करतात, याकडे आता कल आहे.

उपचारांचे निष्कर्षही याला धरूनच आहेत. स्नायूत अस्थिमज्जा-पेशी टोचण्याच्या जपानी चाचणीने २००२ मध्ये आशा निर्माण केली. परंतु एफजीएफ-१ या वृद्धिघटकाचे जनुक देणारी टॅमॅरिस (२०११) आणि धमनीतून अस्थिमज्जा-पेशी देणारी युव्हेंटास (२०१५) या मोठ्या चाचण्यांत पाय कापावा लागण्याचे प्रमाण घटले नाही.

प्रयोगातील उंदीर बहुधा तरुण व निरोगी असतो आणि त्याची धमनी एकाएकी बांधलेली असते. रुग्णात अवरोध वर्षानुवर्षे वाढतो; वय, मधुमेह व धूम्रपानाने अंतःस्तर आधीच दुबळा असतो. शिवाय अवरोधाखाली प्रवाह मंदावल्याने अंतःस्तरातील नायट्रिक ऑक्साइड या वाहिन्या रुंदावणाऱ्या वायूची निर्मिती घटते व दाहपेशी चिकटू लागतात. अस्थिमज्जेतून पेशी सुटण्यासही हाच वायू लागतो, असे उंदरांवरील प्रयोग सांगतात. म्हणजे अरक्तता दुरुस्तीची मागणी वाढवते आणि दुरुस्तीची क्षमता खच्चीही करते.

देखरेखीखालील चालण्याच्या व्यायामाने वेदनारहित अंतर निश्चित वाढते. त्यात जोडवाहिन्यांचा वाटा किती आणि स्नायूंच्या चयापचयातील सुधारणेचा किती, याबाबत मतभेद आहेत. हातांत धमनीकाठिण्यजन्य अवरोध कमी आढळतो. वरील बहुतेक संशोधन पायांवरचे आहे.