दोन बहिणी, एक निषिद्ध विद्या : हस्तलिखित संपादनाला देण्यापूर्वी

अद्भुत कादंबरीचे हस्तलिखित पाठवताना सोबत एक वेगळे पान जोडा. विद्या कोणाला येते, वापरणाऱ्याला काय गमवावे लागते, बंदी कोणी व का घातली, मोडल्यास शिक्षा काय, एवढेच त्यावर हवे. संपादनाचे निम्मे काम या पानावरच होते.

सर्वाधिक चुकते ते बंदीचे कारण. ‘राजाज्ञा आहे’ एवढ्याने वाचकाचे समाधान होत नाही. बंदी घालणाऱ्याचे म्हणणे थोडे तरी खरे असले, तरच धाकटीला पाठीशी घालणारी थोरली पेचात सापडते. राजा नुसता दुष्ट असेल तर बहिणीची बाजू घेणे सोपे, आणि मग तीनशे पाने कशावर चालायची?

महाभारताच्या आदिपर्वातली कद्रू-विनतेची कथा पुन्हा वाचा. दोघी बहिणी, शिवाय सवती. उच्चैःश्रव्याच्या शेपटीच्या रंगावर पैज लागते. हरेल ती दासी. कद्रू म्हणते शेपूट काळी. घोडा पांढराशुभ्र, म्हणून ती नागपुत्रांना काळे केस होऊन शेपटीला चिकटायला सांगते आणि न ऐकणाऱ्यांना सर्पसत्रात, म्हणजे सापांच्या आहुतीच्या यज्ञात, जळण्याचा शाप देते. विनता हरते; आईला दास्यातून सोडवायला तिचा मुलगा गरुड नागांसाठी अमृत आणतो. नाग स्नानाला जातात तोच इंद्र ते परत नेतो; अमृत ठेवलेले दर्भ चाटून नागांच्या जिभा तेवढ्या दुभंगतात. कपट आईचे, किंमत मुलांच्या अंगावर. तुमच्या कथेतही असा हिशेब लागला पाहिजे. पाचव्या प्रकरणात ज्या मंत्राने थोरलीची दृष्टी अधू झाली, तो पंधराव्यात फुकट चालता कामा नये. म्हणून मंत्र जिथे जिथे येतो, तिथला प्रकरण क्रमांक आणि मोजलेली किंमत लिहून ठेवा.

धाकटी ‘ताई’ म्हणते की नावाने हाक मारते, हे सुरुवातीलाच ठरवा. फुटीच्या प्रसंगी ‘ताई’ गळून नुसते नाव आले की पानभर संवादाचे काम होते. तेच नजरचुकीने आधी कुठे आले असेल, तर तो प्रसंग बोथट होतो.

मजकूर युनिकोडमध्ये द्या. जुन्या फॉन्टमधून रूपांतर केले असल्यास ऱ्हस्व वेलांटी आणि रफार डोळ्यांनी तपासा. सरकतात ते हेच. कल्पित नावे व मंत्रांच्या लेखनाची यादीही जोडा, कारण शब्दतपासणीला ते शब्द ठाऊक नसतात.

छपाईचा फर्मा, म्हणजे एका कागदावर एकत्र छापून घडी घातलेली पाने, 16 पानांचा धरतो. दोन पाने वाढली तरी हिशेब बदलतो, त्यामुळे शेवट बदलायचा असेल तर पानांची मांडणी सुरू होण्याआधी कळवा.