अमेरिकेत मेडिकलचं लेटर: शिकवणाऱ्या प्रोफेसरचं की ओळखीच्या डॉक्टरचं?

अमेरिकेत वाढलेल्या आपल्या मुलामुलींनी मेडिकलला जायचं ठरवलं की घरात एक प्रश्न येतोच, अर्जासोबत लागणारं शिफारसपत्र, म्हणजे लेटर, कोणाकडून घ्यायचं, आणि पहिलं नाव निघतं ते मराठी मंडळातल्या एखाद्या कार्डिऑलॉजिस्ट काकांचं. आईवडिलांना असं वाटणं साहजिक आहे, कारण महाराष्ट्रात आजही नीटचे ७२० पैकी किती मार्क आणि कॅप राउंडला कुठलं कॉलेज लागलं एवढंच असतं, तिथे कोणी कोणाचं पत्र मागत नाही. मग डॉक्टर व्हायचंय तर डॉक्टरचंच पत्र सगळ्यात वजनदार, असा हिशोब होतो. तो चुकीचा आहे आणि त्यात मुलांचं नुकसान होतं.

प्रोफेसरचं पत्र सांगतं की हा मुलगा अवघड अभ्यास कसा पेलतो, अडला की काय करतो, लॅबमधे बाकीच्यांशी कसा वागतो. डॉक्टरचं पत्र सांगू शकतं की पेशंटसमोर ही मुलगी कशी असते. पण 'सांगू शकतं' म्हणतोय मी, कारण आपली बहुतेक मुलं डॉक्टरांकडे करतात ते शॅडोइंग, म्हणजे मागे उभं राहून बघणं, आणि जो नुसता बघत होता त्याच्या कामाबद्दल डॉक्टर बिचारे लिहिणार तरी काय? 'वेळेवर यायचा, हुशार आहे, घरचे लोक फार चांगले आहेत.' असं पत्र प्रवेश देणाऱ्या कमिटीच्या काही कामाचं नसतं, मग सही कितीही मोठ्या माणसाची असो. आणि सख्ख्या नात्यातल्या डॉक्टरचं तर घेऊच नका.

बऱ्याच एमडी स्कूल्सना, म्हणजे तिथल्या नेहमीच्या मेडिकल कॉलेजांना, दोन सायन्स प्रोफेसर आणि एक सायन्सबाहेरचे अशी पत्रं लागतात, प्रत्येक स्कूलचं थोडं वेगळं असतं त्यामुळे वेबसाइट बघाच. आता प्रोफेसर निवडतानाही तीच गल्लत होते, जिथे ए मिळाला त्यांच्याकडे जायचं. दोनशे मुलांच्या ऑरगॅनिक केमिस्ट्रीत ए मिळाला आणि सर चेहऱ्याने ओळखत नाहीत, तर पत्रात ए मिळाला हेच येणार आणि ते ट्रान्सक्रिप्टवर आधीच आहे. एएएमसीने, म्हणजे अमेरिकन मेडिकल कॉलेजांच्या संघटनेने, पत्र लिहिणाऱ्यांसाठी सूचना दिल्यात त्यात हे स्पष्ट आहे की ग्रेड आणि एमकॅटचे (मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचे) आकडे काही संदर्भ देणार असाल तरच लिहा, त्यापेक्षा किती काळ ओळखता, कोणत्या नात्याने, स्वतः काय पाहिलंत ते लिहा. म्हणून जिथे बी प्लस आला पण मुलगी टर्मभर ऑफिस अवर्सला जात राहिली, पेपर परत लिहून दाखवला, त्या मॅडमचं पत्र मला जास्त मोलाचं वाटतं. मोठ्या क्लासमधे टीएच (प्रोफेसरचा शिकवणारा असिस्टंट) खरं ओळखत असेल तर टीएने लिहून प्रोफेसरने सोबत सही करायची पद्धत पुष्कळ ठिकाणी चालते, विचारून घ्या. रिसर्च लॅबच्या पीआयचं, म्हणजे लॅबच्या प्रमुखांचं पत्र प्रोफेसर आणि डॉक्टर या दोन्हींच्या मधलं, कामाबद्दल उत्तम, पण त्यांनी वर्गात शिकवलं नसेल तर काही स्कूल्स ते सायन्स प्रोफेसरच्या कोट्यात धरत नाहीत.

मग डॉक्टरचं पत्र कधी घ्यायचं? मुलाने त्यांच्याबरोबर खरंच काम केलं असेल तेव्हा, म्हणजे वर्षभर स्क्राइब (डॉक्टरांच्या नोंदी लिहिणारा), मेडिकल असिस्टंट, क्लिनिकमधला रिसर्च, असं काही. शिवाय डीओ, म्हणजे ऑस्टिओपॅथिक मेडिकल स्कूल्सना अर्ज करणार असाल तर तिथे बऱ्याचदा डॉक्टरचं, शक्यतो डीओ डॉक्टरचं पत्र मागतात किंवा त्यांना ते आवडतं, तिथे ते हवंच. एरवी ते प्रोफेसरच्या पत्रांवर वरकड, त्यांच्या जागी नाही.

कॉलेजात प्रीहेल्थ कमिटी, म्हणजे मेडिकलला जाणाऱ्यांना मार्गदर्शन करणारी कमिटी असेल तर आधी तिकडे विचारा, कारण तिने कॉलेजतर्फे दिलेलं कमिटी लेटर असेल तर बऱ्याच स्कूल्सना वेगळी पत्रं लागत नाहीत.

विचारताना 'पत्र द्याल का' असं नको, 'माझ्याबद्दल स्ट्राँग पत्र लिहिता येईल का' असं विचारायचं, आणि समोरचा जरा घुटमळला तर आभार मानून दुसरीकडे जायचं, रेटायचं नाही. क्लास संपता संपताच विचारलेलं बरं, दोन वर्षांनी कोणाला काय आठवणार. पत्र वाचायचा हक्क कायद्याने आहे पण तो सोडलेला बरा, नाहीतर मोकळेपणाने लिहिलंय यावर वाचणाऱ्याचा विश्वास बसत नाही.

अ‍ॅमकॅसमधे (एमडी स्कूल्सचा सामायिक ऑनलाइन अर्ज) १० पर्यंत लेटर टाकता येतात पण १० भरायची काही गरज नाही, कोणतं कुठल्या स्कूलला जाणार ते आपण ठरवू शकतो. पत्रं आली नाहीत म्हणून अर्ज अडवून ठेवू नका, पत्रांशिवायही तो सबमिट होतो आणि व्हेरिफिकेशन सुरू होतं, पत्रं मागून येत राहतात. फक्त सबमिट केल्यावर नवीन लेटरची नोंद वाढवता येते, आधीची काढता येत नाही, तेव्हा काकांचं नाव टाकायच्या आधी नीट विचार करा.