उत्पादन आणि उत्पादकता : फळ्यावरचे किलो आणि गल्ल्यातले रुपये

१२ फेब्रुवारी हा राष्ट्रीय उत्पादकता परिषदेचा स्थापना दिवस. परिषद १९५८ची. त्या दिवसापासून आठवडाभर उत्पादकता सप्ताह असतो आणि कारखान्यांच्या गेटवर फलक लागतात. गोव्यात वेर्ण्याला मी नोकरीला होतो तिथेही एके वर्षी लागला होता. वर मोठ्या अक्षरांत ‘उत्पादकता सप्ताह’ आणि खाली ‘उत्पादन वाढवूया’. आठ दिवस आम्ही सगळे त्याच्याखालून ये-जा करत होतो, पण वरची ओळ एक सांगते आणि खालची दुसरंच, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. मला मात्र हसू आलं, कारण त्याआधी डिचोलीकडच्या एका काजूच्या कारखान्यात मी हिशेब लिहायला होतो आणि या दोन शब्दांमधला फरक मला तिथे चांगलाच महागात शिकायला मिळाला होता.

व्याख्या दोन वाक्यांत संपते. किती माल तयार झाला, ते उत्पादन. काय ओतलं आणि त्याच्या मानाने काय हाती आलं, ती उत्पादकता. उत्पादन हा एकटा आकडा असतो, उत्पादकता हा भागाकार. ओळखायची खूण सोपी आहे. उत्पादनाला एकच एकक लागतं : किलो, नग, टन. उत्पादकतेला दोन लागतात : तासाला किती किलो, किलोभर बियांमागे किती गर, खर्चाच्या रुपयामागे किती रुपये. ‘आमची उत्पादकता रोज १०० किलो आहे’ असं कुणी सांगितलं, की तो उत्पादनच सांगतोय असं खुशाल समजावं.

गोव्यात हा घोळ जरा जास्तच आहे, असं मला वाटतं, आणि त्याचं कारण खाणी असाव्यात. २०१२ला खाणी बंद पडेपर्यंत डिचोली, सत्तरी, सांगे या भागांत धंद्याची भाषाच टनांची होती. किती टन खनिज गेलं, ट्रकने दिवसात किती खेपा मारल्या, बार्ज किती भरले. खेपेवर पैसे, म्हणून ट्रक सुसाट. डिझेल किती जळलं, टायर किती झिजले, रस्त्याकडेच्या घरांत किती धूळ गेली, हे त्या आकड्यात कुठेच येत नव्हतं. खाणी थांबल्या, पण मोजायची सवय राहिली.

काजूच्या कारखान्यात ट्रकच्या जागी फळा होता. दाराशी काळा फळा, त्यावर रोज संध्याकाळी मुकादम खडूने एक आकडा लिहायचा : आज किती किलो गर निघाला. मालक आले की आधी फळ्याकडे बघायचे, मग माणसांकडे.

ज्यांनी हे काम जवळून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. काजूची बी आधी वाफवतात. वाफवली की लगेच फोडायची नसते. पसरून थंड होऊ द्यायची, शक्यतो रात्रभर, म्हणजे टरफल कडक होतं आणि आतला गर जरा सुटतो. मग हातापायाने चालवायचं कटर. पायाने दाबलं की दोन पाती बीला चिरतात, हाताचा दांडा फिरवला की टरफल उघडतं. टरफलाचं तेल कातडी जाळतं, म्हणून बायका हाताला एरंडेल नाहीतर राख लावून बसतात. त्यानंतर गर वाळवणं, साल काढणं, निवडणं आणि टिन भरणं. निवडताना अख्खा गर वेगळा, पाकळी वेगळी, तुकडा वेगळा. अख्ख्यातही आकाराप्रमाणे प्रती. डब्ल्यू ३२० म्हणजे एका पौंडात ३०० ते ३२० गर बसतात, डब्ल्यू २४० म्हणजे २२० ते २४०. आकडा जितका लहान तितका गर मोठा आणि भाव चढा. पाकळी न् तुकडा मिठाईवाल्याकडे जातो आणि भाव खाली येतो. चव तीच असते. चुकीच्या वेळी पडलेला एक चिरा किलोमागे शेकड्याने रुपये घेऊन जातो.

एका हंगामात मागणी चढली आणि फळ्यावरचा आकडा वाढवायचं ठरलं. मजुरी किलोवर होतीच. बाकी केलं ते इतकंच, की संध्याकाळी वाफवलेली बी सकाळपर्यंत न ठेवता सकाळी वाफवून दुपारी कटरवर आणली. पहिल्याच दिवशी एक जुनी कामगार मला म्हणाली, ‘बाब, बी अजून हून आसा.’ बी अजून गरम आहे. मी ते ऐकलं आणि वहीत आकडे लिहीत राहिलो. तो माझा विषय नव्हता, असं मला तेव्हा वाटलं.

आता हिशेब. सोपे आकडे धरतो, भाव त्या वर्षाचे नाहीत. समजा आधी २० बायका आठ तासांत ४०० किलो बी फोडून १०० किलो गर काढत होत्या, त्यात ८० किलो अख्खा आणि २० किलो पाकळी-तुकडा. वेग वाढवल्यावर त्याच बायकांनी त्याच वेळात ४८० किलो बी फोडली, गर १२० किलो. पण अख्खा ७८ किलो आणि फुटलेला ४२. अख्ख्याला ८०० रुपये, फुटलेल्याला ५५०, बीला १३० आणि फोडणावळ गराच्या किलोला ३० रुपये धरा.

आधी विक्री ७५,००० रुपये, बीचे ५२,००० आणि मजुरीचे ३,००० वजा, उरले २०,०००. नंतर विक्री ८५,५००, बीचे ६२,४०० आणि मजुरीचे ३,६०० वजा, उरले १९,५००. वीस किलो गर जास्त काढला आणि पाचशे रुपये गमावले. वाळवायचं जळण आणि जास्तीचे टिन तर अजून धरलेच नाहीत.

मला यात सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतं ते पुढचं. उत्पादन २० टक्क्यांनी वाढलं, हे खरं. मजुराच्या तासाची उत्पादकताही वाढली : तासाला ६२५ ग्रॅमवरून ७५० ग्रॅम. व्यापारात ज्याला आउटटर्न म्हणतात, म्हणजे बीच्या मानाने गर, तो जिथल्या तिथे : चार किलोला एक. म्हणजे उत्पादन सोडून भागाकार केला, तोही दोन तऱ्हांनी, तरी चूक सापडली नाही! कारण या दोन्ही भागाकारांत गर म्हणजे गर, फुटलेला काय नि अख्खा काय. एकाच साधनाला भागून काढलेली ती अर्धवट उत्पादकता. रुपयांत मोजून, बी, मजुरी, जळण सगळं खाली मांडलं तेव्हा कुठे ती खरं बोलू लागली.

म्हणून उत्पादन आणि उत्पादकता यांच्यातली फट कुठे असते, असं विचाराल तर मी दर्जाकडे बोट दाखवीन. सदोष नग उत्पादनात पूर्ण मोजला जातो. त्यात बी गेली, तास गेले, वीज गेली, सगळं चांगल्या नगाइतकंच. हाती आलं ते मात्र कमी. भागाकाराचा खालचा आकडा तसाच, वरचा खंगलेला.

या गळतीला दर्जाचा खर्च म्हणतात. जनरल इलेक्ट्रिकमध्ये काम करणाऱ्या आर्मंड फाइगेनबॉम यांनी १९५६ साली त्याची मांडणी केली : चूक होऊ नये म्हणून केलेला खर्च, तपासणीचा खर्च आणि चुकीचा खर्च. चुकीचेही दोन भाग धरतात, माल आपल्या दाराच्या आत असताना सापडलेली चूक आणि गिऱ्हाइकाच्या हातात पडल्यावर निघालेली. आमची पाकळी दाराच्या आतली. माल फेकावा लागला नाही, नुसती प्रत उतरली, म्हणून ती चूक वाटतही नव्हती. प्रत उतरवून विकलेला माल हा दर्जाच्या खर्चातला मला वाटतं सगळ्यात साळसूद चोर.

दाराबाहेरची चूकही त्याच हंगामात झाली. घाईत वाळवलेला माल मऊ पडला आणि एका व्यापाऱ्याने काही टिन परत पाठवले. एक टिन ११.३४ किलोचा, म्हणजे २५ पौंड. काजूगरात ओल पाच टक्क्यांच्या वर गेली की तो दाताखाली चामट लागतो आणि बुरशीची भीती असते. मी हिशेबनीस, म्हणून हे सगळं माझ्याच हाताने खतावलं. परत आलेला माल ‘विक्री परतावा’मध्ये, टेंपोचं भाडं ‘वाहतूक’मध्ये, रविवारी बायकांना बोलावून पुन्हा वाळवला आणि निवडला ते ‘मजुरी’त, जळण ‘इंधना’त. वर्षअखेरीला मालकांनी विचारलं, यंदा वाहतूक नि इंधन एवढं कसं वाढलं? मी सांगितलं, डिझेल महागलंय. खोटं नव्हतं ते. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘चुका’ नावाचं लेजर, म्हणजे खातं, आपण उघडल्याशिवाय नसतं, आणि आम्ही उघडलेलं नव्हतं.

वेर्ण्याच्या औषध कारखान्यात याचं दुसरं टोक बघायला मिळालं. तिथे गोळ्यांच्या पट्ट्या खोक्यांत भरणाऱ्या लाइनवर एक बॅच संपली की दुसरी सुरू करण्याआधी ‘लाइन क्लिअरन्स’ करतात. आधीच्या बॅचचं एकही खोकं, लेबल, सुटी गोळी लाइनवर राहिली नाही ना, हे टॉर्च मारून लाइनच्या सरकत्या पट्ट्याच्या खालीसुद्धा बघायचं. मग क्वालिटीचा माणूस येऊन स्वतः बघणार, सही करणार आणि मगच लाइन चालू. तेवढा वेळ उत्पादन शून्य. नवा सुपरवायझर हमखास घड्याळ बघत उभा असतो. पण मागच्या औषधाचं एक खोकं पुढच्या बॅचमध्ये गेलं, तर सगळी बॅच अडकते, माल बाजारातून परत बोलवावा लागू शकतो, आणि चुकीचं औषध पोटात गेलेल्या माणसाचा हिशेब तर कुठल्या लेजरमध्ये लिहिणार? त्या थांबलेल्या मिनिटांत उत्पादन होत नाही, उत्पादकता मात्र राखली जाते.

तपासणी आणि प्रतिबंध यांतही माणसं गल्लत करतात, पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. इथे एवढंच, की निवडणाऱ्या टेबलावर दोन बायका वाढवल्या तर पाकळी जास्त चोख वेगळी होईल, पाकळी कमी होणार नाही. पाकळी कमी होते कटरच्या आधी. बी चाळणीवर आकाराप्रमाणे वेगळी केली, त्या आकाराला पातं बसवलं, बी थंड होऊ दिली, तर. त्याचा खर्च असतो आणि त्या दिवशी फळ्यावरचा आकडा खालीही येतो. इथे उत्पादन घटतं आणि उत्पादकता वाढते, दोघी उघड उघड विरुद्ध दिशेला चालतात.

अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग १९५० साली जपानी कारखानदारांना हेच सांगत होते : दर्जा सुधारला की दुरुस्तीचं, परत करायचं काम घटतं, खर्च उतरतो, आणि त्यामुळे उत्पादकता वाढते. त्यांच्या साखळीत दर्जा आधी येतो. आपल्याकडे अजूनही ‘आधी माल निघू दे, मग दर्जाचं बघू’ हे वाक्य शहाणपणाचं समजतात.

आयएसओ ९००० या आंतरराष्ट्रीय मानकांच्या मालिकेत दर्जा व्यवस्थापनाची तत्त्वं दिलेली आहेत. आधी आठ होती, २०१५च्या आवृत्तीपासून सात : गिऱ्हाइकावर लक्ष, नेतृत्व, लोकांचा सहभाग, प्रक्रियेचा विचार, सुधारणा, पुराव्यावर निर्णय आणि संबंध सांभाळणं. सर्टिफिकेटच्या फ्रेमखाली ती छापून लावलेली असतात आणि बहुधा ऑडिटच्या आदल्या दिवशी त्यांच्यावरची धूळ पुसली जाते. मला विचाराल तर ‘हून आसा’ या दोन शब्दांत त्यातली निदान तीन होती : लोकांचा सहभाग, प्रक्रिया आणि पुरावा. पुरावा तर त्या जुन्या कामगार बाईच्या बोटांना चटके देत होता.

एक सावधगिरी मात्र हवी. उत्पादकता हा भागाकार आहे, म्हणून खालचा आकडा कापूनही ती वाढवता येते. निवडणाऱ्या दोन बायका काढा, कटरची देखभाल पुढे ढकला, बी निवायला ठेवायची जागा गोदामाला द्या. त्या महिन्याचा भागाकार झकास येईल. दर्जाचा खर्च उशिरा येतो, टिन परत यायला महिना-दीड महिना लागतो, आणि तोवर बोनस वाटून झालेला असतो. एका महिन्याची उत्पादकता सांगणाऱ्याला मी पुढच्या दोन महिन्यांचा विक्री परतावा मागतो.

त्या काजूच्या कारखान्यात पुढच्या हंगामात मी फार काही केलं नाही. मालकांपुढे वरचा हिशेब ठेवला, त्यांनी दोनदा कॅल्क्युलेटरवर तपासला आणि बी रात्रभर पसरायला पुन्हा सुरुवात झाली. फळ्यावर मी उभी रेघ मारली. एका बाजूला गर किती, दुसऱ्या बाजूला त्यात अख्खा किती, तोही प्रत्येक कटरचा वेगळा. मजुरीतही अख्ख्या गराला किलोमागे थोडे जास्त. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी चार नंबरवर बसणारी बाई फळ्यासमोर उभी राहून माझ्याशी भांडली, आपलीच पाकळी एवढी जास्त कशी, आपण काय नवी आहोत काय. यंत्र उघडून पाहिलं. खालचं पातं एका बाजूने वाकलेलं होतं, आणि गंजावरून दिसत होतं की बरेच दिवस तसंच असणार.