सोडा, पॉप की कोक?

अमेरिकेत कोल्डड्रिंकला रोजच्या बोलण्यात काय म्हणायचं हे माणूस कुठल्या भागात वाढला त्यावर ठरतं, आणि यावरून तिथले लोक एकमेकांची जाम खेचतात. कागदोपत्री शब्द सॉफ्ट ड्रिंक, म्हणजे दारू नसलेलं, पण गप्पा मारताना तो कोण वापरतंय!

ढोबळमानाने ईशान्येकडे आणि कॅलिफोर्नियात सोडा, शिकागो-डेट्रॉइटपासून पार वायव्येपर्यंत पॉप, आणि दक्षिणेत कोक. यातही गंमत अशी की सेंट लुईस आणि मिलवॉकीच्या आजूबाजूला सगळे पॉप म्हणत असताना ही दोन शहरं मात्र सोडाच म्हणतात.

सोडा हे नाव सोडियमच्या क्षारांवरून आलं, सुरुवातीच्या फसफसत्या पाण्यात ते घालायचे, आताच्या बाटलीतली फसफस कार्बन डायऑक्साइडची असते पण नाव चिकटलं ते चिकटलंच. पॉप म्हणजे बूच उडतानाचा आवाज, इंग्लिश कवी रॉबर्ट साउदीने 1812 च्या एका पत्रात हेच कारण दिलंय.

खरी मजा दक्षिणेत आहे. कोका-कोला 1886 मध्ये जॉर्जियातल्या अटलांटा शहरात जन्मलं, जॉन पेम्बर्टन नावाच्या औषधवाल्याने बनवलं, आणि घरचंच पेय म्हटल्यावर त्याचं नाव तिथे सगळ्याच पेयांना पडलं. म्हणजे एकाने कोक मागायचं, दुसऱ्याने विचारायचं कुठलं, आणि पहिल्याने स्प्राइट सांगायचं, यात तिथे कुणाला काही वावगं वाटत नाही. कंपनीला मात्र हे लाडाचं नाव आधी अजिबात आवडायचं नाही, पूर्ण नाव घेऊन मागा असं जाहिरातींतून सांगून झालं, लोक काही ऐकेनात, शेवटी 1941 पासून कंपनीच जाहिरातीत कोक म्हणायला लागली आणि 1945 मध्ये तो ट्रेडमार्कही करून घेतला.

बॉस्टनकडची जुनी माणसं टॉनिक म्हणायची, हे नाव आता जवळपास गेलंच. दक्षिणेत काही ठिकाणी डोप, म्हणजे नशेचा पदार्थ, असंही म्हणत, कारण सुरुवातीच्या कोका-कोलात कोकाची पानं असायची, ज्यांपासून कोकेन बनतं.

अमेरिकेबाहेर कॅनडात बहुतेक पॉप, आयर्लंडमध्ये मिनरल, दक्षिण आफ्रिकेत कूल ड्रिंक. आणि ग्लासगोमध्ये जिंजर, मग त्यात आलं असो नाहीतर नसो.