श्वास चालणे आणि रक्ताला प्राणवायू मिळणे

२०२० नंतर बोटाला लावायचा ऑक्सिमीटर घरोघरी पोहोचला आणि ९४ हा आकडा सर्वांच्या तोंडी बसला. त्याचबरोबर एक गैरसमजही रुजला: यंत्रावर ९७ किंवा ९८ दिसले की रुग्णाचा श्वास नीट चालला आहे, असे नातेवाईक समजतात आणि कधी कधी नवखे कर्मचारीही. वास्तविक ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्याने १९७४ मध्ये मांडलेल्या तत्त्वावर चालणारे हे यंत्र लाल आणि अवरक्त प्रकाशाच्या साहाय्याने रक्तातील हिमोग्लोबिनचा किती हिस्सा प्राणवायूने भरलेला आहे, एवढेच पाहते. छातीचा भाता किती हवा आत-बाहेर करतो आहे, हे त्याला कळत नाही.

श्वासोच्छ्वास हे स्नायूंचे काम आहे. छाती आणि पोट यांमधला स्नायूंचा पडदा, म्हणजे श्वासपटल, खाली सरकते, बरगड्या उचलल्या जातात, हवा आत येते; आणि बाहेर जाताना शरीरात तयार झालेला कार्बन डायऑक्साइड घेऊन जाते. प्रौढ माणूस विश्रांतीत मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतो आणि प्रत्येक श्वासात सुमारे ५०० मिलिलिटर हवा ओढतो. त्यातील सुमारे १५० मिलिलिटर हवा श्वासनलिकांतच राहते, वायुकोशांपर्यंत, म्हणजे फुप्फुसांतील बारीक हवेच्या पिशव्यांपर्यंत, पोहोचत नाही. म्हणून १६ शांत श्वास घेणाऱ्याच्या ८ लिटर हवेपैकी ५.६ लिटर कामी येते, तर २०० मिलिलिटरचे ४० उथळ श्वास घेणारा रुग्ण तेवढीच ८ लिटर हवा हलवूनही जेमतेम २ लिटर कामी आणतो. तो धापा टाकतो आहे म्हणजे भरपूर हवा घेतो आहे, असे मानणे म्हणूनच धोक्याचे आहे.

प्राणवायू रक्तात उतरणे ही पुढची, वेगळी पायरी आहे. वायुकोशाच्या पातळ भिंतीतून तो रक्तात जातो. न्यूमोनियात वायुकोश द्रवाने भरतात, तेव्हा भाता जोरात चालूनही ही देवाणघेवाण अडते. कोविडमध्ये काही रुग्ण ८०च्या घरातील आकड्यावरही शांतपणे बोलत होते. मेंदूतील श्वसनकेंद्र मुख्यतः कार्बन डायऑक्साइडच्या वाढीवर जागे होते, आणि तो वायू तर बाहेर पडतच होता, हे त्यामागचे एक महत्त्वाचे कारण होते. अशा रुग्णाला प्राणवायू देणे आणि पालथे झोपवणे हे योग्य उपचार ठरले.

याच्या नेमके उलट चित्र मण्यारीच्या दंशात दिसते. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री मण्यार चावते. वेदना फारशी नसते, सूजही नसते. मग पापण्या जड होतात, गिळता येईनासे होते आणि शेवटी श्वासाचे स्नायू लुळे पडतात. फुप्फुसे मात्र स्वच्छ असतात. अशा रुग्णाच्या तोंडावर नुसता ऑक्सिजनचा मास्क लावला तर आकडा काही काळ उत्तम राहतो, कारण वायुकोशांत प्राणवायूचा साठा भरलेला असतो. पण कार्बन डायऑक्साइड साचत जातो, आणि आकडा घसरेपर्यंत हाताशी फार थोडा वेळ उरतो. त्याला हवा आत ढकलणारी अँब्यू बॅग, नळी आणि व्हेंटिलेटर लागतो. प्रतिविषाबरोबर ही साथ काही दिवस टिकली तर विषाचा परिणाम ओसरून माणूस स्वतःहून श्वास घेऊ लागतो, म्हणून हा फरक वेळेत ओळखणे मला इतके मोलाचे वाटते.

शस्त्रक्रियेनंतर मॉर्फिन हे वेदनाशामक दिलेल्या, प्राणवायूवर असलेल्या रुग्णातही हेच घडते: आकडा ९८, श्वास मिनिटाला ७, आणि घरचे म्हणतात, ‘छान झोप लागली आहे.’ ही झोप वाढत्या कार्बन डायऑक्साइडची गुंगी असू शकते. रुग्ण हाकेला नीट ओ देतो का, हे पाहावे, आणि छातीवर नजर ठेवून पूर्ण ६० सेकंद श्वास मोजावेत. तेही त्याला न सांगता, कारण सांगितल्यावर श्वासाची लय बदलते. केस पेपरवरील श्वासाच्या रकान्यात न मोजताच १८ किंवा २० लिहिण्याची सवय म्हणूनच गंभीर आहे. शंका असेल तर धमनीतील रक्ताची तपासणी करतात. तिच्यात कार्बन डायऑक्साइडचा दाब सर्वसाधारणपणे ३५ ते ४५ मिलिमीटर पारा इतका असतो.

आकडा प्राणवायूबाबतही पूर्ण माहिती देत नाही. रक्त कमी असलेल्या रुग्णात तो ९९ असू शकतो, कारण तो टक्केवारी सांगतो, एकूण साठा नाही. आणि बंद खोलीत कोळशाच्या शेगडीचा धूर लागलेल्या माणसात तो फसवा चांगला दिसतो.

वर्षानुवर्षे विडी ओढलेल्या किंवा चुलीच्या धुरात राहिलेल्या सीओपीडीच्या (श्वासमार्ग कायमचे अरुंद होण्याच्या आजाराच्या) रुग्णांत श्वास चालणे आणि रक्ताला प्राणवायू मिळणे या दोन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असतात. त्यांच्यापैकी ज्यांच्यात कार्बन डायऑक्साइड साचण्याचा धोका असतो, त्यांच्यासाठी डॉक्टर बहुधा ८८ ते ९२ हेच लक्ष्य ठरवतात. आकडा ९० दिसतो म्हणून नातेवाईक काळजीने प्राणवायूचा प्रवाह ठरवणाऱ्या फ्लोमीटरची चावी वाढवतात. आकडा ९८ होतो, सर्वांना हायसे वाटते, आणि काही तासांत रुग्ण सुस्त होऊ लागतो. ही चावी फिरवण्यापूर्वी परिचारिकेला बोलवावे.